चंद्रपूरची वीज आणि एक मीटरची वायर

पावसाळ्याच्या तोंडावर भिवंडीजवळच्या पडघ्याच्या बाजारपेठेतल्या एखाद्या फोटो स्टुडिओचं चित्र डोळ्यांपुढे आणावं. लग्नसराई आटोपलेली आहे. एप्रिल-मेमध्ये आसपासच्या गावांत झालेले साखरपुडे, हळदी, लग्नं, वराती असं सगळं चित्रीकरण तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत भरून ठेवलेलं आहे. या पट्ट्यातल्या आगरी घरातली हळद म्हणजे रात्रभर चालणारा सोहळा. तिथलं एकेक नाचगाणं, आजीच्या तोंडचं एकेक धवलगीत पुन्हा कुणाला टिपता येणार नाही. आता अल्बमचं आणि व्हिडिओचं काम सुरू करायचं म्हणून डबी कॉम्प्युटरला जोडली जाते. तिच्यावरचा दिवा लागतो, आतून बारीक घरघर येते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. 'धिस पीसी' उघडून पाहिलं तर सी आहे, डी आहे, तिसरं काही नाही. वायर काढून पुन्हा लावली तरी तेच. मग कुणीतरी म्हणतं, "हार्डडिस्क उडाली."

हा शब्द फार घाईचा आहे. बल्ब उडतो, फ्यूज उडतो, कारण त्यांत एकच तार असते आणि ती तुटली की खेळ संपतो. बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कचं तसं नाही. पडद्यावर फाइल दिसण्याआधी वीज पोहोचावी लागते, ओळख पटावी लागते, डबीतल्या छोट्या सर्किट बोर्डाने निरोप्याचं काम करावं लागतं, तबकडी फिरावी लागते, तिच्यावरचा नकाशा वाचता यावा लागतो आणि तो नकाशा ज्या पद्धतीने लिहिला आहे ती पद्धत कॉम्प्युटरला यावी लागते. यातलं काहीही अडलं तरी माणसाला लक्षण एकच दिसतं: डिस्क दिसत नाही. पण प्रत्येक ठिकाणच्या अडथळ्याचा उपाय वेगळा आहे, आणि एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी घातक ठरू शकतो. म्हणून 'उडाली' म्हणण्यापूर्वी वाट कुठे तुटली ते शोधायचं. सुरुवात विजेपासून करायची.

विजेची गोष्ट सांगायला पडघ्याहून लांब जावं लागत नाही. पडघ्याचं नाव महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेत ठळक आहे ते इथल्या महापारेषणच्या उपकेंद्रामुळे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राकडून निघालेली एचव्हीडीसी, म्हणजे अतिउच्च दाबाच्या डीसी विजेची वाहिनी सुमारे ७५२ किलोमीटरचा महाराष्ट्र पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडून इथे येऊन थांबते. १९९९ साली ती सुरू झाली. तिचे दोन ध्रुव आहेत, एक अधिक ५०० किलोव्होल्टचा आणि दुसरा उणे ५०० किलोव्होल्टचा, आणि दोन्ही मिळून १५०० मेगावॉट वीज वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. या वाहिनीतून येणारी वीज डीसी असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पडघ्यात थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या रांगा तिचं एसीमध्ये रूपांतर करतात आणि मग ती मुंबई-ठाण्याच्या जाळ्यात मिसळते.

एवढा प्रचंड दाब कशासाठी? तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की नासाडी चौपट. तेवढीच वीज जास्त दाबाने पाठवली तर प्रवाह कमी लागतो आणि तार कमी तापते. चंद्रपूर-पडघा वाहिनीत पूर्ण भाराला साधारण १५०० अँपियर प्रवाह पुरतो. हीच १५०० मेगावॉट वीज ५ व्होल्टने पाठवायची म्हटली असती तर ३० कोटी अँपियर लागले असते.

५ व्होल्ट हा आकडा इथे मुद्दाम घेतला आहे, कारण यूएसबीच्या तारेतला दाब सहसा तेवढाच असतो. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय भिंतीतली २३० व्होल्टची एसी घेतो, तिचे पुन्हा डीसीत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो, आणि त्यातले ५ व्होल्ट यूएसबीच्या पोर्टवर हजर करतो. शेकडो किलोमीटर मोठ्या दाबाने सुखरूप आणलेल्या विजेचा सर्वांत अवघड टप्पा म्हणजे हा शेवटचा मीटर. दाब नगण्य आणि तार बारीक, म्हणजे चंद्रपूरच्या वाहिनीत जे टाळलं तेच इथे घडतं.

हिशेब सोपा आहे. स्वस्त वायरीत विजेची तार २८ गेजची असते, म्हणजे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी जाड. तांब्याच्या अशा एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम. वीज जायला एक तार आणि परतायला दुसरी, म्हणजे एक मीटरच्या वायरीत ०.४२ ओहम. छोट्या, अडीच इंची डिस्कला तबकडी फिरवायला सुरुवात करताना क्षणभर जवळपास एक अँपियर लागतो. तेवढ्या प्रवाहाला एक मीटरच्या वायरीत ०.४२ व्होल्ट गळतात. पोर्टवर ५ व्होल्ट असले तरी डिस्कपर्यंत पोहोचतात ४.५८. हार्डडिस्क साधारणपणे ५ टक्क्यांची तूट सोसेल अशी बनवलेली असते, म्हणजे ४.७५ व्होल्टपर्यंत. वायर दोन मीटरची घेतली तर डिस्कला ४.१६ व्होल्टच मिळतील.

यूएसबीचा पहिला प्रमाणित आराखडा जानेवारी १९९६मध्ये आला. त्यावर काम करणाऱ्या इंटेलच्या चमूत अजय भट्ट अग्रभागी होते, आणि ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. त्या वेळी डोळ्यांसमोर होते ते माउस, कीबोर्ड आणि प्रिंटर. तारेतून मिळणाऱ्या विजेवर फिरणारी तबकडी चालवावी, हे त्या आराखड्याचं मुख्य काम नव्हतं. म्हणून यूएसबी २च्या पोर्टवर यंत्राने अर्ध्या अँपियरपर्यंतच प्रवाह मागावा असा नियम आहे. २००८च्या यूएसबी ३ने तो ०.९ अँपियरपर्यंत नेला. पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी ३चं. बहुतेक पोर्ट नियमापेक्षा थोडं जास्त देतात म्हणून काम निभतं. पण जुना कॉम्प्युटर, बारीक वायर, वर एक स्वस्त हब आणि त्या हबवर आधीच माउस, पेनड्राइव्ह, डोंगल अशी गर्दी असेल तर निभत नाही.

विजेची तूट ओळखता येते. दिवा लागतो, कारण दिव्याला नगण्य वीज पुरते. आतून तबकडी फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. काही डिस्क अशा वेळी बारीक 'पीप' आवाज काढतात. तो बझर नसतो, न फिरू शकणाऱ्या मोटरचंच ते कण्हणं असतं. डिस्क क्षणभर दिसून पुन्हा नाहीशी होणं हेही याच दुखण्याचं लक्षण. उपाय साधा आहे. हब काढून टाकावा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचं पोर्ट वापरावं, कारण मागचं थेट मदरबोर्डवर असतं आणि पुढच्यापर्यंत आतून आणखी एक वायर फिरवलेली असते. वायर जितकी आखूड आणि जाड तितकी बरी. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतोच. तो सैल असेल किंवा त्याच्या जागी दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा अडॅप्टर लावला असेल तर डिस्क जागी होत नाही, आणि चुकीच्या व्होल्टचा अडॅप्टर तिला कायमची जाळूही शकतो.

वायर बदलून पाहणं हा उपाय इतका किरकोळ वाटतो की माणसं तो शेवटी करतात. तो सर्वांत आधी करायला हवा. अडीच इंची डिस्कच्या डबीला अजूनही बऱ्याचदा चपटी, रुंद, मधे खाच असलेली पिन असते, तिला मायक्रो-बी म्हणतात. ती वरचेवर काढून-घालून, डिस्क वायरीला लोंबकळती ठेवून, लॅपटॉपसोबत बॅगेत कोंबून ढिली होते. भिवंडी-पडघ्याच्या पावसाळी हवेत महिनोन् महिने उघडी राहिलेली पिन काळवंडते. नव्या टाइप-सी पिनेच्या डिस्कबाबत वेगळाच घोटाळा होतो. मोबाइलच्या काही चार्जिंग वायरींत माहितीच्या तारा नसतातच. वीज मिळते, दिवा लागतो, तबकडी फिरते, पण बोलायला तोंडच नाही.

बोलणं म्हणजे काय, ते मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याजवळच्या टोलनाक्यावर रोज दिसतं. गाडी फाटकापाशी येते, वरचा वाचक काचेवरच्या फास्टॅगला विचारतो, तू कोण? टॅग आपला क्रमांक सांगतो, तो यंत्रणेत सापडतो आणि फाटक उघडतं. टॅग फाटका असेल तर गाडी समोर उभी असूनही यंत्रणेच्या लेखी ती नसतेच. यूएसबीतही अगदी असंच आहे. विजेच्या दोन तारांखेरीज माहितीच्या दोन तारा असतात. डिस्क जोडली की त्यातल्या एका तारेवरचा दाब ती किंचित उंचावते, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दाराशी कुणीतरी आलं. मग तो विचारतो, डिस्क आपल्या उत्पादकाचा आणि आपल्या प्रकाराचा क्रमांक सांगते, कॉम्प्युटर तिला पत्ता देतो आणि योग्य ड्रायव्हर जोडतो. वेगवान यूएसबी ३साठी आणखी पाच जोड असतात, म्हणजे एकूण नऊ. त्या पाचांवर घाण बसली किंवा पिन अर्धवट शिरली तर डिस्क जुन्या चार जोडांवरून हळू चालते. काल झरझर होणारी कॉपी आज रखडत असेल तर पिनेकडे पाहावं.

ही ओळख पटली की नाही, ते विंडोज आवाजाने सांगतं. जोडल्यावर नेहमीचा 'टुडुंग' आला तर दाराशी कुणी आल्याचं कॉम्प्युटरला कळलं आहे. मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावं. 'धिस पीसी'त न दिसणारी डिस्क इथे बऱ्याचदा सापडते, आणि सापडली की निम्मी चिंता मिटते. आवाजच आला नाही, 'डिव्हाइस मॅनेजर'मध्येही काही उमटलं नाही, तर दोष अजून वाटेतच आहे. वायर, पोर्ट, वीज किंवा डबीतला बोर्ड यांपैकी काहीतरी. अशा वेळी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहावी. तिथे ती दिसली तर डिस्क बहुधा निर्दोष आहे आणि दुरुस्ती पहिल्या कॉम्प्युटरची करायची आहे.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क निळ्या पट्टीसह व्यवस्थित दिसते पण तिला अक्षर नाही, असंही होतं. आधीच्या कुठल्या नेटवर्क ड्राइव्हने किंवा कार्ड रीडरने ते अक्षर अडवलेलं असतं. पट्टीवर उजवी क्लिक करून नवं अक्षर दिलं की डिस्क तत्काळ हजर होते. 'ऑफलाइन' लिहिलेलं असेल तर तिच्या नावावर उजवी क्लिक करून 'ऑनलाइन' करायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरी धोक्याची जागा येते. डिस्क जोडताच एक चौकट उघडते आणि सांगते की ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉर्मॅट करायला हवी. खाली फॉर्मॅटचं बटण ठळक असतं. वाचणाऱ्याला ते दुरुस्तीचं बटण वाटतं. ते दुरुस्तीचं बटण नाही. कॉम्प्युटर एवढंच सांगतो आहे की या डिस्कवरचा नकाशा मला वाचता येत नाही, हवा असेल तर मी कोरा नकाशा काढून देतो. कोऱ्या नकाशात जुनं एकही घर नसेल.

नकाशा वाचता न येण्याचं कारण बहुतेक वेळा डिस्क खराब होणं हे नसतंच. कल्याणचा किंवा मुंबईचा एडिटर मॅकवर काम करतो आणि मॅकच्या एपीएफएस पद्धतीने तयार केलेली डिस्क परत पाठवतो. विंडोजला ती पद्धत मुळात येत नाही. मॅकवर तीच डिस्क लखलखीत उघडेल. दुसरं उदाहरण याच परिसरातलं. पडघा-भिवंडी पट्ट्यात गोदामांची रांग लागली आहे आणि गोदाम म्हटलं की सीसीटीव्ही आलाच. चोरी झाली की कुणीतरी डीव्हीआरमधली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला लावतो. डीव्हीआर बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा स्वतःची वेगळीच लेखनपद्धत वापरतात. विंडोज फॉर्मॅट करायला सांगतं, घाईत 'हो' म्हटलं जातं आणि ज्या फुटेजसाठी डिस्क काढली तेच धोक्यात येतं. ती डिस्क त्याच डीव्हीआरला परत लावून, तिथून पेनड्राइव्हवर फुटेज उतरवणं हाच सरळ मार्ग.

फॉर्मॅट झालं तरी माहिती परत मिळते, असं बाजारात सर्रास ऐकायला मिळतं. हे विधान एकेकाळी बरंचसं खरं होतं. क्विक फॉर्मॅटमध्ये फक्त नकाशा बदलतो आणि जुनी घरं वरून नवं काही लिहीपर्यंत जागेवर राहतात. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट साऱ्या डिस्कवर शून्यं लिहितं, आणि त्यानंतर परत मिळण्यासारखं काही उरत नाही. शिवाय आजच्या अनेक अडीच इंची डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. कौलांसारखे एकावर एक चढलेले माहितीचे पट्टे त्यांत असतात. यातल्या काहींना आणि जवळपास सगळ्या एसएसडींना, अमुक जागा आता मोकळी आहे असं सांगणारी 'ट्रिम' नावाची आज्ञा कळते. ती मिळाली की डिस्क त्या जागी विचारल्यावर रिकामी उत्तरं देते. म्हणजे अशा डिस्कवर क्विक फॉर्मॅटही अखेरचं ठरू शकतं. ती चौकट आली की फक्त 'कॅन्सल' दाबावं, इतकं या प्रकरणातून कुणी लक्षात ठेवलं तरी अनेक घरांतले फोटो वाचतील.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रॉ' असा शब्द दिसला तर मात्र नकाशा खरोखरच बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. याचं नेहमीचं कारण लिहिणं चालू असताना वीज जाणं किंवा वायर ओढली जाणं. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडमुळे घरून काम करणाऱ्यांचे कॉम्प्युटर बंद पडले. त्या घटनेच्या मुळाशी पडघा आणि कळवा यांच्यामधल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरचा बिघाड होता. त्या क्षणी फिरत्या हार्डडिस्कच्या आत काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. वीज गेली तरी तबकडी काही क्षण स्वतःच्या वेगाने फिरत राहते. तेव्हा तिची मोटर उलट काम करते, जनित्र होते, आणि त्या चिमूटभर विजेवर लेखन-वाचनाचा हात तबकडीवरून उचलून बाजूच्या उतारावर सुरक्षित ठेवला जातो. म्हणून एकदा वीज गेल्याने तबकडीवर सहसा ओरखडा उठत नाही.

हात वाचतो, पण अर्धवट लिहिलेला नकाशा अर्धवटच राहतो. विंडोजची एनटीएफएस पद्धत नकाशातला बदल करण्याआधी त्याची नोंद वेगळ्या वहीत करते, त्यामुळे खंड पडला तरी ती मागचा धागा पकडू शकते. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून फोटोग्राफर जी एक्सफॅट पद्धत निवडतात, तिच्यात अशी वही नाही. डिस्क 'सेफली रिमूव्ह' करूनच काढावी हा सल्ला म्हणून एक्सफॅटच्या डिस्कला दुप्पट लागू होतो. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कवर लिहिणं लांबणीवर टाकण्याची सवय मुळात बंद ठेवलेली असते. तरीही कॉपी चालू असताना वायर ओढली तर तिथे कुठलीही सोय उपयोगी पडत नाही.

नकाशा बिघडलेली डिस्क हाताशी आली की चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन चालवण्याचा मोह होतो. निरोगी डिस्कवर ते ठीक आहे. पण तबकडीच दुखावलेली असेल तर चेकडिस्क तिला तासन् तास राबवतं आणि वाचता न आलेल्या नोंदी 'दुरुस्त' करताना पुसूनही टाकतं. आधी डिस्कची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' नावाची स्वतःची दैनंदिनी ठेवते: किती जागा निकामी झाल्या, किती जागा वाचताना अडखळायला होतं, किती तास चालले. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी मोफत प्रणाली ती दैनंदिनी दाखवते. अडखळणाऱ्या जागांचा आकडा शून्याहून वर असेल तर डिस्कवर कुठलीही दुरुस्ती करू नये. आधी तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे याच कामाचं हत्यार. सुदृढ जागा ते आधी भराभर वाचून घेतं, अडखळणाऱ्या जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, म्हणून मधेच थांबून पुन्हा सुरू करता येतं. नंतरचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. तिथे टेस्टडिस्कने हरवलेली विभागणी शोधता येते. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर विभागणीच्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकालाही ठेवलेली असते, ती बऱ्याचदा कामी येते.

राहिला डबीतला बोर्ड. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्क उघडल्या तर आत लॅपटॉपमध्ये असते तशीच साटा डिस्क आणि तिच्या डोक्यावर बोटाएवढा एक बोर्ड निघतो. साटाची भाषा यूएसबीत सांगणारा तो दुभाषी. विजेच्या झटक्याने किंवा पिन हलून तोच मरतो आणि डिस्क सुखरूप असते. ती बाहेर काढून डेस्कटॉपमध्ये थेट जोडली की सगळं दिसतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अशा जोडण्यांच्या सुट्या सामानासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. मात्र सगळ्याच डब्यांत ही सोय नाही. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक पासपोर्ट डिस्कमध्ये यूएसबीची पिन डिस्कच्याच बोर्डावर डाखलेली असते, साटाचं तोंडच नसतं. काही डब्यांतला बोर्ड सगळी माहिती कुलूपबंद करून लिहितो, तिथे बोर्ड बदलला की आतलं सारं निरर्थक दिसतं. स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी मॉडेल पाहावं.

आणि डबी उघडणं वेगळं, डिस्क उघडणं वेगळं. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज दोन-तीन तबकड्यांवर त्याच्या लाखो पट मावतं, ते वाचणारं टोक तबकडीच्या अगदी जवळ आल्यामुळे. फिरताना त्या दोहोंत अवघे काही नॅनोमीटर अंतर असतं. मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला उडणाऱ्या धुळीतला १० मायक्रोमीटरचा एक कण त्या फटीच्या हजारपटींहून मोठा आहे. म्हणून सीलबंद झाकण दुकानाच्या टेबलावर उघडायचं नसतं. डिस्कमधून ठरावीक तालात 'टक्-टक्' आवाज येत असेल तर वाचणारं टोक आपली जागा शोधून हरतं आहे. तिथे ताबडतोब वीज बंद करावी. फ्रीजमध्ये ठेवणं, हलकेच आपटणं, तांदळात पुरणं यांतलं काहीही करू नये. धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेतच ती जावी, आणि तिथे जाईपर्यंत ती जितकी कमी फिरेल तितकं वाचण्याची शक्यता अधिक.

प्रयोगशाळा काय करू शकते, याचा एक दाखला फार हलवून टाकणारा आहे. १ फेब्रुवारी २००३ला कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्यात होते ते कोलंबिया यान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना तुटलं. त्यात झेनॉन वायूच्या चिकटपणावरचा एक प्रयोग होता. त्याची काही माहिती आधीच पृथ्वीवर पोहोचली होती, उरलेली यानातल्या हार्डडिस्कवर होती. अवशेषांत सापडलेली ती डिस्क जळून वितळल्यासारखी झालेली, आत धूळ शिरलेली. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या काढून स्वच्छ केल्या, नव्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. जुन्या डॉस प्रणालीवर चालणारा तो कॉम्प्युटर फाइली विखरून न ठेवता सलग लिहीत असे, याचाही उपयोग झाला. २००८ साली त्या प्रयोगाचा निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच हाती लागलं नाही.

पडघ्याच्या त्या स्टुडिओत एवढं काही करावं लागण्याची शक्यता कमी. समजा तिथे हब काढला, डिस्क मागच्या निळ्या पोर्टला अर्ध्या मीटरच्या नव्या वायरीने जोडली, आणि तबकडीची घरघर या वेळी न अडखळता एका सुरात लागली. ओळखीचा आवाज आला, अक्षर उमटलं, हळदीचे फोल्डर एकाखाली एक दिसू लागले. अल्बमला लगेच हात घालायचा नाही. बाजारातून नवी डिस्क आणायची आणि आधी सगळं तिच्यावर उतरवायचं. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइटला पावणेतीन तास लागतात, बारीकसारीक फाइली खूप असतील तर आणखी. दोन्ही डिस्क सपाट टेबलावर आणि कॉम्प्युटर यूपीएसवर. कॉपी पुरी झाली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकारमान जुळवायचं, चार-दोन व्हिडिओ मधूनमधून चालवून पाहायचे. मग जुनी डिस्क दुकानात राहील आणि नवी, तारखेची चिठ्ठी लावून, दुसऱ्या गावातल्या घरी कपाटात जाईल.